हमामाची ऊब

इस्तंबूल शहरात मशिदींच्या उंच मनोऱ्यांजवळ काही बसके, गोल घुमट दिसतात. त्यांच्या पाठीवर प्रकाशासाठी जाड काचेचे लहान लहान डोळे बसविलेले असतात. हे तुर्की लोकांचे हमाम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहे होत.

जमिनीखालून उष्ण हवा खेळवून दालने तापविण्याची कला रोमन लोकांना अवगत होती. तुर्कांनी ती आपलीशी केली. इस्लाम धर्मात शुचितेला मोठे महत्त्व; परंतु घरोघरी न्हाणीघर असणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून सुलतानांनी व राण्यांनी नगरात हमाम बांधविले. हुर्रम सुलतान या राणीसाठी थोर स्थापत्यकार सिनान याने १५५६ साली बांधलेला हमाम आजही आयासोफियाजवळ उभा आहे. १७४१ साली बांधलेल्या दुसऱ्या एका हमामाचे उत्पन्न आयासोफियातील ग्रंथालयासाठी राखून ठेवलेले होते. देहशुद्धीसाठी दिलेले नाणे असे ज्ञानाच्या कामी येई!

हमामात शिरणारा मनुष्य अंगावरची वस्त्रे उतरवितो, कमरेला पंचा गुंडाळतो आणि पायांत लाकडी खडावा घालतो. मग श्रीमंत कोण व गरीब कोण, हे ओळखणे कठीण! उबदार दालनातून तो उष्ण दालनात जातो. मधोमध संगमरवराचा तापलेला चौथरा असतो. त्यावर पडल्या पडल्या अंगातून घामाच्या धारा वाहू लागतात. मग सेवक खरखरीत पिशवीने अंग घासतो, साबणाचा फेस चोळतो आणि कढत पाण्याने न्हाऊ घालतो. स्त्रियांसाठी निराळी सोय असे. घराबाहेर पडून मैत्रिणींशी मनमोकळे बोलण्याचे ते एक हक्काचे स्थान होते.

ही सारी ऊब येई ती भिंतीआडच्या भट्टीतून. भट्टीला लाकूड अतोनात लागे. त्यामुळे १७६८ साली नवे मोठे हमाम बांधण्यास सुलतानाने बंदी केली. पुढे घरोघरी नळ आले आणि पुष्कळ हमाम ओस पडले.

त्या भट्टीजवळ नगरातील अनाथ, बेघर मुले निजत असत. बाहेर बर्फ पडत असताना तेवढाच त्यांना आसरा! लोक त्यांना 'कुल्हानबेयी', म्हणजे 'भट्टीचे सरदार' म्हणत. पुढे त्या शब्दाचा अर्थच 'उनाड, गुंड' असा होऊन बसला. मुलांच्या वाट्याला आलेली थंडी लोक विसरले. दूषण तेवढे भाषेत राहिले. अंगावरचा मळ हमामात घटकाभरात निघतो. नावाला लागलेला डाग मात्र शतके लोटली तरी निघत नाही.