अगाशी की गच्ची?

आपल्या मंडळाचा दिवाळी अंक म्हणजे आम्हा सहा जणांचा हौशी कारभार. पूर्वी एकच लेख ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरंच अंतिम’ अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फिरायचा. यंदा सगळे लेख गुगल डॉक्समध्ये ठेवले. ज्याला सवड होईल त्यानं उघडावं, दुरुस्ती सुचवावी, शेजारी शेरा लिहावा.

माझ्या वाट्याला एका काकूंचा लेख आला. मांडवीजवळ गेलेल्या लहानपणाचा. मी लग्न होऊन पुण्याहून बडोद्याला आलेली, त्यामुळे आपलं मराठी पक्कं असा थोडा तोरा होताच. ‘आणी’चं ‘आणि’ केलं, ‘परंतू’चं ‘परंतु’. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी ‘पोळ’ची ‘आळी’ केली, ‘ओटला’चा ‘ओटा’, ‘अगाशी’ची ‘गच्ची’ आणि ‘उत्तरायण’ची ‘संक्रांत’. एकूण एकतीस दुरुस्त्या! वर शेरा : ‘गुजराती शब्द टाळावेत.’ रात्री आमच्यापैकीच कुणीतरी त्या सगळ्या स्वीकारूनही टाकल्या.

सकाळी काकूंचा फोन आला. आवाज अगदी शांत.

‘‘अगं, लेख छान झालाय. फक्त माझा राहिला नाही. माझं नाव तेवढं काढून टाक.’’

काय बोलावं सुचेना. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. आधीच्या आवृत्त्यांमधून त्यांची मूळ प्रत परत आणली आणि त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगितली. अगाशीवर फिरकी धरून दादाच्या मागे उभं राहण्याचा प्रसंग आला आणि काकू थांबल्या.

‘‘दादा आता नाही. आमच्या घरात गच्ची कुणी म्हणालंच नाही गं कधी.’’

चार पिढ्या बडोद्यात नांदलेल्या घराचं मराठी होतं ते. मी त्याला चूक ठरवून मोकळी झाले होते.

ऱ्हस्व-दीर्घ आम्ही दोघींनी मिळून नीट केले. पोळ म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी काकूंनीच एका वाक्यात लिहून दिलं.

आता आमचा नियम ठरलाय : शुद्धलेखन सरळ सुधारायचं, शब्दाला हात लावायचा तर आधी विचारायचं, आणि लेखकानं ‘हो’ म्हटल्याशिवाय दुरुस्ती स्वीकारायची नाही.

काकूंचा लेख अंकात आहे, नावासकट. वाचताना ‘अगाशी’ दिसली, तर मुद्रणदोष समजू नका हं!