छेदाची अट

आमच्या कामोठ्याच्या घरात, भाताची कणगी जितकी स्वाभाविक होती तितकीच आजोबांची पावकी, निमकी आणि औटकीही स्वाभाविक होती. खंडाचे भात, मजुरीचे वाटे, बांधावरचे तंटे हे सारे त्या अपूर्णांकांच्या पाढ्यांच्या आधारे तोंडीच उलगडत असल्यामुळे, एकाहून लहान अपूर्णांकाने अपूर्णांकास गुणिले असता फळ लहान होते याचा अचंबा वाटण्याच्या वयापूर्वीच मला त्याची सवय होऊन गेली.

पुढे शाळेत बैजिक अपूर्णांक आले. भाजकाच्या अंशछेदांची अदलाबदल करून गुणाकार करावा, ही भागाकाराची रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त सांगून ठेविली आहे, आणि अव्यक्त राशींनाही तीच लागू पडते हे पाहून झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. परंतु मन खरे गुंतले ते अन्यत्र. क्ष वर्ग उणे ९ यास क्ष वर्ग अधिक ५ क्ष अधिक ६ याने भागावे, आलेल्या अपूर्णांकास क्ष अधिक २ छेद क्ष उणे ३ याने गुणावे, आणि अवयव पाडावेत, की सर्व परस्परांत छेदले जाऊन केवळ १ उरतो. तथापि क्ष ३, उणे २ अथवा उणे ३ असता मूळ छेद शून्य होत असल्याने, हे उत्तर त्या तीन किमतींना लागू नाही. छेदला गेलेला अवयव दिसेनासा होतो, त्याची अट मात्र कायम राहते. ती अट लिहिणे अनेक जण ऐच्छिक मानतात. मला ती उत्तराचाच भाग वाटते.

नंतर नवी मुंबईसाठी सिडकोचे भूसंपादन झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली झालेल्या आंदोलनानंतर प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली. साडेबारा टक्के म्हणजे अष्टमांश. एकराच्या ४० गुंठ्यांचे ५, आणि त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के वजा जाता साडेतीन, म्हणजे औट. आम्हा तिघा वारसांत त्याची तकसीम करावयाची, तेव्हा एक अष्टमांश, सात दशमांश आणि एक तृतीयांश यांचा गुणाकार मीच मांडला: २४० पैकी ७. वाटणीच्या कागदावर तो हिस्सा लिहिताना तिन्ही अपूर्णांक, आणि त्यांच्यावर जुन्या शेताचा सर्व्हे नंबर, मी आग्रहाने लिहविला. कारण नुसते २४० पैकी ७ वाचणाऱ्या नातवंडांना कोणते शेत किती वेळा कापले गेले हे समजण्याचा मार्ग उरत नाही.