जवळची सहल
सुटी लागली की आमच्या बेळगावकडील घरांतून दूरच्या सहलींचे बेत ठरू लागतात; आणि खर्चाचा आकडा कानी पडताच वडीलधारी माणसे आपण होऊन म्हणतात, "तुम्ही जा, आम्ही घर राखतो." हे वाक्य आम्ही पुष्कळ ओसऱ्यांवर ऐकले आहे. ते नेहमीच मनापासून असते, असे आम्हांस वाटत नाही.

गोकाकचा धबधबा बेळगावाहून ६०-६५ किलोमीटर. तेथे घटप्रभा सुमारे १७० फूट खाली कोसळते. मात्र जावे ते पावसाळ्यात; मे महिन्यात बहुधा खडकच पाहून परतावे लागते.

मागील सप्टेंबरात एका कुटुंबासमवेत आम्ही तेथे गेलो होतो. सत्तरी उलटलेल्या आजीबाई झुलत्या पुलावर येईनात. काठावरच बसल्या, तुषारांनी लुगडे ओलावले तरी उठेनात. (शिदोरीतील भाकरीही ओलावली, पण तक्रार कोणीच केली नाही.)

"फादर, एवढं जवळ होतं हे, अन् मला कुणी आणलंच नाही!" त्या म्हणाल्या. मुलगा मान खाली घालून उभा राहिला.

येत्या मे महिन्यासाठी त्या घरी आंबोलीचे ठरले आहे. अंतर जवळजवळ तेवढेच, हवा थंड; आणि गाडीतील पुढची जागा आजीबाईंची.