टायर घेताना

आमच्या मोटारसायकलवर सकाळी दुधाच्या किटल्या, दुपारी खताचे पोते आणि बाजारच्या दिवशी घरची मंडळी. हा सारा भार दोन तळहातांएवढ्या रबरावर टेकतो. म्हणून मागचा टायर घेताना मी भाव शेवटी विचारला. आधी जुन्यावरचा २.७५-१८ हा आकार जुळवला. पुढचा आकडा भाराचा: ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८०. मी ४८ मागितला. दुकानदाराने स्वस्तात दाखवला, त्यावर १९१८ होते. म्हणजे २०१८ सालचा एकोणिसावा आठवडा. रबर पडून पडून कडक होते, ओल्या डांबरावर धरत नाही. मी ताजा मागून घेतला. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण वाचतोच, टायरवरचीही वाचावी. बियाणे फसले तर हंगाम जातो, टायर फसला तर माणूस.