राजाच्या वनातील सायकलवाटा

सायकल ही रस्त्यावरून चालविण्याची वस्तू आहे, असे आमच्या पिढीने गृहीत धरले होते. तिच्यावर दुधाचे कॅन लटकत, गवताचा भारा बसे, मागे सौभाग्यवती आणि पुढील दांडीवर चिरंजीव अशी स्वारीही निघे. परंतु तिला मुद्दाम डोंगरावर न्यावे, तेथून दगडगोट्यांतून खाली सोडावे आणि या प्रकारास खेळ म्हणावे, हे आमच्या कल्पनेत कधी आले नाही. ‘माउंटन बाईक’ म्हणजे जाड चाकांची डोंगरी सायकल. ती गेल्या काही वर्षांत बेळगावहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुटीच्या दिवशी पहाटे दिसू लागली. पुढे त्यांतील काही तरुणांनी रस्ता सोडून आमच्या गावामागील डोंगराच्या पायवाटा धरल्या. गावातील मुले त्यांच्यामागे धावू लागली, आणि मागोमाग ग्रामपंचायतीत असा विचार निघाला की, या वाटा नीट आखून तेथे ‘सार्वजनिक सोयी’ कराव्यात, म्हणजे शहरातील माणूस येईल आणि गावात दोन पैसे खेळतील.

गावात अर्ज लिहावयाचा असला की तो शाळेत येतो. मराठीत मसुदा करावयाचा, कन्नडात उतरवावयाचा, खाली सह्या व अंगठे घ्यावयाचे, हे काम आम्ही बरीच वर्षे करीत आलो आहोत. हाही अर्ज आमच्याकडे आला. मंडळींनी तोंडी सांगितलेली यादी अशी : प्रवेशद्वारी भव्य कमान, माथ्यावर सज्जा, फोटो काढण्यासाठी चौथरा, उपाहारगृह आणि दोन खोल्यांचे विश्रामगृह. आम्ही यादी उतरवून घेतली आणि सुटीनंतर पाहू, असे सांगून कागद खणात ठेवला. कारण २०२५ च्या उन्हाळी सुटीत आम्हा उभयतांना लिव्हरपूल येथे भाच्याकडे जावयाचे होते, आणि हा भाचा स्वतः डोंगरी सायकलीचा वेडा आहे. तो म्हणाला, “मामा, अर्ज लिहिण्याआधी एकदा कोइद अ ब्रेनिन पाहा.”

कोइद अ ब्रेनिन म्हणजे वेल्श भाषेत राजाचे वन. वेल्सच्या उत्तर भागात डोल्गेथलाय नावाचे दगडी घरांचे गाव आहे, त्याच्या उत्तरेस हे पसरले आहे. १९२२ पासून तेथे सरकारी वनखात्याने झाडे लावली, आणि १९३५ साली पाचव्या जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा त्यास हे नाव मिळाले. विस्तार सुमारे ९,००० एकर. मौदाख आणि तिच्या उपनद्या यांच्या खोऱ्यांतून ते चढत जाते, आणि एके काळी याच खोऱ्यांत सोन्याच्या खाणी चालत.

लिव्हरपूल सोडून वेल्समध्ये शिरताच आम्हांस पहिली गंमत दिसली ती रस्त्यावरच. वळणापूर्वी डांबरावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एक शब्द रंगविलेला असतो. त्याचा वेल्श उच्चार ‘आरव’. अर्थ : सावकाश. संस्कृतात आरव म्हणजे ध्वनी, गलका. हल्ली आमच्या पटावरही दर वर्षी एखादा आरव असतोच, आणि त्याचे वर्तन वेल्श अर्थापेक्षा संस्कृत अर्थाशी अधिक जुळते! खाली तोच आदेश इंग्रजीत. प्रत्येक पाटीवर ही जोडी. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलू शकणारे शंभरात अठराच्या आसपास भरले. एकोणिसाव्या शतकात तेथील कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. आज रस्त्याची पाटी, दवाखान्याची पाटी आणि शौचालयाचीही पाटी दोन भाषांत आहे, आणि त्यामुळे कोणाची गाडी वाट चुकल्याचे आम्हांस आढळले नाही. सीमाभागातील वाचकास याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

बाला गावचे लांबलचक सरोवर डावीकडे टाकून आम्ही वनाशी पोहोचलो तेव्हा पाऊस होता. तेथील पाऊस आमच्या कणकुंबीसारखा कोसळत नाही. तो दिवसभर अंगावर शिंपडल्यासारखा पडतो. गाड्यांसाठी झाडांत विखुरलेली जागा, पैसे भरावयाचे यंत्र आणि समोर चढावर लाकडाने मढविलेली सुंदर गोलसर इमारत. २००६ साली बांधलेल्या या अभ्यागत केंद्रात उपाहारगृह होते, दुकान होते, माहिती सांगणारी माणसे होती. डोंगरी सायकलींसाठी खास वाटा बांधून त्यांच्या तोंडाशी असे केंद्र करावयाचे, ही रीत ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात प्रथम येथेच रुजली. दाविद डेव्हिस नावाच्या वनकर्मचाऱ्याने या वाटांचा पाया घातला; पुढे त्यांची नक्कल देशभर झाली.

त्या इमारतीस कुलूप होते.

भाच्याने दारावरील सूचना वाचून सांगितले. वेल्सच्या सरकारी निसर्गसंपदा संस्थेस पैशांची ओढ लागली. २०२४ च्या नोव्हेंबरात तिने खर्चकपातीचा निर्णय घेतला आणि ३१ मार्च २०२५ रोजी येथील उपाहारगृह व दुकान बंद केले. आणखी दोन ठिकाणच्या केंद्रांवरही तीच पाळी आली. जवळच्या गावांतील लोकांनी विरोध केला, संघटना बांधली, आम्ही चालवितो असे म्हणू लागले. आम्ही पोहोचलो तेव्हा या गोष्टीस दोन महिनेही झाले नव्हते. काचेतून आत पाहिले तर रिकामी बाके दिसत होती.

इतक्या दुरून येऊन कुलूप पाहावयाचे, या विचाराने आम्ही खिन्न झालो. परंतु आमच्या सौभाग्यवती पावसाची पर्वा न करता बाजूच्या वाटेने गेल्या आणि थोड्या वेळाने प्रसन्न मुद्रेने परत आल्या. “शौचालय उघडे आहे,” त्या म्हणाल्या, “आणि स्वच्छ आहे. पाणी आहे, कडी लागते.” स्त्रिया प्रवासात कोणत्या कसोटीवर स्थळ पारखतात हे पुरुषांच्या ध्यानात सहसा येत नाही. आमच्याही आले नव्हते. मग आम्ही अधिक बारकाईने पाहू लागलो. शौचालय चालू. गाड्यांची जागा चालू. वाटांचा मोठा नकाशा जागेवर. कुलूप फक्त चहाला आणि विक्रीला. पावसात माणसे आपापल्या गाडीत बसून घरचे खात होती. आम्हीही डबा उघडून थालीपीठ खाल्ले. गाडीतळावर एका स्थानिक बाईंशी बोलणे निघाले तेव्हा त्या म्हणाल्या की, चहावाचून कोणी मरत नाही. परंतु एखादा मुलगा पडून आला अथवा वाट चुकून आला तर त्यास दोन शब्द सांगावयास आता कोणी नाही, याचेच वाईट वाटते.

भाचा तांबड्या वाटेने गेला. तेथे वाटांना रंग असतात : हिरवी सोपी, निळी तिच्याहून कठीण, तांबडी सवयीच्या माणसाची, काळी निष्णाताची. फाट्याफाट्यावर त्या रंगाचा बाण असलेला बुटका खांब. पाटी वाचता न येणारा बालवर्गातील विद्यार्थीही चुकणार नाही. आम्ही उभयता निळ्या वाटेच्या कडेने छत्री घेऊन चालत गेलो. ही वाट नवशिक्यांसाठी तर आहेच, पण हातांनी चालविण्याच्या तीनचाकी सायकली जातील इतकी रुंदी ठेवून ती केली आहे. पायांनी अधू झालेला मनुष्यही वनात जाऊ शकतो. हे ज्या दिवशी कोणी कागदावर रेघ मारताना मनात आणले असेल, त्या दिवसास आमचा नमस्कार.

वाटेची बांधणी पाहण्यासारखी आहे. माती जवळजवळ दिसत नाही. उभे-आडवे दगड ठोकून फरसबंदी केली आहे, म्हणून बारमाही पावसातही ती चालते. वाट थेट उतारावरून खाली सोडीत नाहीत, डोंगराच्या अंगाने तिरपी नेतात. या कामातील जाणत्यांचा ठोकळ नियम असा की, वाटेचा उतार हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. तसेच तिची बाहेरची कड किंचित उतरती ठेवावी, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न राहता आडवे निघून जाते. आम्हांस आमची तांबडी पायवाट आठवली. ती सरळ नाकासमोर उतरते, आणि श्रावणापर्यंत वाट न राहता ओढा होते.

संध्याकाळी भाचा चिखलाने माखून परतला. कपडे बदलण्यापूर्वी त्याने गाडीतून पाण्याचा कॅन व ब्रश काढला आणि सायकलीची चाके अन् बुटांचे तळ घासून धुतले. आम्हांस वाटले, टापटीप! पण कारण निराळे होते. वेल्समधील लार्च वृक्षांना २०१० पासून एका बुरशीवजा रोगाने ग्रासले आहे. त्यापायी झाडे मोठ्या प्रमाणावर तोडावी लागली, या वनातही. रोगाचे बीज चिखलातून पसरू शकते. तेव्हा सायकल धुणे ही चैन नसून वनाचे सोवळे आहे. आमच्याकडे लार्च नाही. पण काँग्रेस गवत आणि रानमोडी आहेत, आणि त्यांचे बी चिखलाबरोबर कुठेही जावयास तयार असते.

जूनमध्ये परतलो. शाळा सुरू झाली, पाऊस लागला, आणि पंचायतीच्या खोलीत पुन्हा बैठक भरली. आम्ही पाहिलेले सांगितले. कुलपाची हकीकत ऐकून मंडळींना थोडे समाधान वाटल्यासारखे दिसले. गोऱ्यांच्या देशातही पैसे संपतात म्हणावयाचे! मग पुन्हा कमानीवर चर्चा आली. तेव्हा दाराशी बसलेल्या एक वयस्क बाई, ज्या रोज त्याच डोंगरावरून सरपण आणतात, त्या म्हणाल्या, “गुरुजी, कमान कशाला हवी? आधी आडोसा बांधा की! शहरची माणसं येऊन झाडामागं बसतात, आन् आम्ही त्याच वाटेनं मोळी घेऊन येतो.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, आणि त्यास कारण होते. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेवर होतो, तेथे मुलींसाठी नवे शौचालय बांधले गेले. बांधकाम चांगले होते. परंतु पाणी अपुरे, आणि झाडणारे माणूस कोणत्याच कागदात नव्हते. तपासणीच्या वेळी ते नीट दिसावे म्हणून आम्ही त्यास कुलूप लावले, आणि किल्ली आमच्याच टेबलाच्या खणात ठेवली. ते कुलूप जवळजवळ दोन वर्षे होते. सातवीच्या मुली दुपारच्या सुटीत घरी जात, आणि पुष्कळदा परत येत नसत. हजेरीपटावर आम्ही त्यांच्यासमोर गैरहजरीची खूण करीत होतो. शाळा विकास समितीतील एका आईने सर्वांसमोर विचारले तेव्हा ते कुलूप निघाले. वेल्समधील त्या उघड्या दाराशी आमच्या सौभाग्यवती ‘कडी लागते’ असे म्हणाल्या तेव्हा आम्हांस नेमके हेच आठवले होते. आम्ही त्यांना सांगितले नव्हते, एवढेच.

अर्ज नव्याने लिहिला. कमान गाळली. उपाहारगृहही गाळले; ज्यास चहा विकावयाचा आहे तो घराच्या ओसरीवर विकील, आणि गिऱ्हाईक आटले तर ओसरी ओसरीच राहील. शौचालय माथ्यावर नको, पायथ्याशी बसथांब्याजवळ मागितले, कारण तेथे नळ आहे आणि सायकलवाले नसतील तेव्हा ते गावच्या बायकांना उपयोगी पडेल. दोन खोल्या, शोषखड्डा, पाण्याची टाकी. गाड्या सुगीनंतर रिकाम्या होणाऱ्या खळ्यावर उभ्या कराव्यात आणि त्यांची पावती फाडून आलेली रक्कम फक्त झाडणाऱ्याच्या पगाराकडे जावी, असे कलम घातले. यावर बराच वाद झाला. तरुणांना ती रक्कम देवळाच्या मंडपास हवी होती. पाट्या कन्नड व मराठी दोन्ही भाषांत, आणि वर रंगीत बाण. पावसाळ्याचे चार महिने वाट सायकलींना बंद. सरपणाची व गुरांची वाट वेगळी, तेथे सायकल मुळीच नको. चाके धुण्यास विहिरीचे पाणी वापरू देणार नाही, असे बायकांनी बजावले, कारण एप्रिलात ती विहीर तळ दाखविते. म्हणून वरच कोरडा ब्रश बांधून ठेवावा आणि पाणी ओढ्याला असेल तेव्हाच धुवावे, असे ठरले. डोंगराचा वरचा भाग वनखात्याचा आहे, तेथे त्यांच्या लेखी परवानगीवाचून दगडही हलवावयाचा नाही. तेव्हा अर्जाची एक प्रत तिकडेही पाठविली.

अर्जात एक रकाना आम्ही हट्टाने घातला : किल्ली कोणाकडे राहील. पंचायतीच्या मंडळींनी आमचे नाव सुचविले. आम्ही नको म्हटले. सरपण आणणाऱ्या त्या बाईंचे नाव कोणी तरी घेतले, त्यावर त्या हसल्या आणि पगार किती, असे विचारत्या झाल्या. तो आकडा ठरावयाचा आहे. भातकापणी आटोपल्यावर चार रविवार खळ्यापाशी बसून किती गाड्या येतात ते मोजावे, मग आकडा घालावा, असे ठरले असून मोजणीस सातवीच्या दोन मुली व आम्ही बसणार आहोत.