फोल्डर आपल्या हातचं

मैत्रिणींनो, घरपट्टीची पावती कपाटात कुठे आहे, ते आपण झोपेतही सांगू. पण कॉम्प्युटरमधली? ते ‘ह्यांचं खातं’! गेल्या वर्षी ह्यांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा विम्याची पॉलिसी चटकन मिळाली ती केवळ ‘विमा’ नावाचं फोल्डर मी स्वतः केलं होतं म्हणून. नावं मराठीतही चालतात बरं का! फाइलच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग तारीख घाला, जसं ‘२०२४-०६-१५ वीजबिल’. म्हणजे नावानुसार लावल्या की त्या तारीखवारच लागतात. तिरपी रेघ मात्र नको, विंडोज ती घेतच नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, पण जपून. तिथून पुसलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.