अण्णा, जरा मोठ्याने

अण्णांची पत्रं बंद का झाली, असं गेल्या दिवाळीपासून तुमच्यापैकी निदान चौघांनी मला विचारलंय. फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून इथेच लिहितेय. ज्यांच्या घरी अशीच अडचण असेल त्यांना थोडा उपयोग व्हावा म्हणून गेल्या सहा महिन्यांतल्या खटाटोपाचा हिशेबही देतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा :)

अण्णांना कंपवात आहे हे आता सगळ्यांना माहीत आहेच. त्यात हात थरथरतो हे लोकांना ठाऊक असतं. अक्षर बारीक होत जातं, हे मला तरी त्यांच्याकडे बघूनच कळलं. ओळ सुरू होते ती बऱ्यापैकी अक्षरात, आणि उजव्या कडेला पोचेपर्यंत मुंग्यांची रांग होते. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं रजिस्टरं लिहिलेला माणूस, ज्याच्या अक्षरावर साहेब खूश असायचे! त्यांनी आपणहून एक दिवस खिशाला पेन लावणं सोडलं. काही बोलले नाहीत. कीबोर्डही करून पाहिला. एक कळ दाबायला जावं तर सात 'क' उमटायचे. (विंडोजमध्ये अशा जास्तीच्या कळा गाळण्याची सोय आहे, तीही लावली. पोस्टकार्डाएवढ्या मजकुराला दीड तास.)

मग साहजिकच, 'तुम्ही सांगा, मी लिहून घेते' हा प्रयोग. दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "पोरी, तुझ्यासमोर सगळंच नाही गं सांगता येत." त्यांना कोयनेबद्दल लिहायचंय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि कोयनानगरला नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झाले होते. आईबद्दलही काही लिहायचंय. म्हणजे गरज होती ती लेखनिकाची, पण समोर न बसणाऱ्या लेखनिकाची. हे एकदा नीट कळलं आणि मग शोध सुरू झाला.

सॅन होजेच्या भाच्याने लगेच कळवलं, 'ड्रॅगन घ्या'. त्याचंही बरोबर आहे, एका पिढीने श्रुतलेखन म्हणजे ड्रॅगन एवढंच पाहिलंय. १९९७ साली 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' आलं तेव्हा घरच्या संगणकाशी शब्दाशब्दांमध्ये न थांबता सलग बोलता येणं हीच नवलाई होती. त्याच वर्षी आयबीएमचं 'व्हायाव्हॉइस'ही आलं. तेव्हाच्या या आज्ञावल्या तुमच्याकडून आधी बराच वेळ मजकूर वाचून घ्यायच्या, तुमचा आवाज शिकायच्या आणि मग कामाला लागायच्या. कल्पना फार चांगली! अण्णांसारख्यासाठी तर अगदी हवी तशी. पण ड्रॅगनला इंग्रजी येतं, जर्मन येतं, जपानी येतं. मराठी कधीच आलं नाही. ते बनवणारी 'न्युअन्स' कंपनी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली, तरी नाही.

मराठीत सर्वसामान्य माणसाला बोलून टंकता यायला लागलं ते ऑगस्ट २०१७ पासून, गूगलने आपल्या आवाजी टंकनात मराठीसह आठ भारतीय भाषा घेतल्या तेव्हा. म्हणजे इंग्रजीनंतर वीस वर्षांनी. आज फोनच्या कीबोर्डवर ते आहे, संगणकावर गूगल डॉक्समध्ये आहे, आणि विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ व 'एच' एकत्र दाबलं की जी पट्टी येते तिच्यातही मराठी निवडता येतं. तिन्ही फुकट. तेव्हा कोणी तुम्हाला मराठी श्रुतलेखनाचं पॅकेज हजारो रुपयांना विकू लागलं, तर आधी हे तीन वापरून बघा.

मी परीक्षेसाठी अण्णांचंच एक जुनं पत्र काढलं. १९८८ चं, आत्याला लिहिलेलं, दोनशे शब्दांचं. ते मी प्रत्येक ठिकाणी वाचलं, मग अण्णांनी वाचलं, आणि चुकलेले शब्द लाल पेनने मोजले. माझ्या वाचनात सगळ्यात बऱ्या आज्ञावलीने शंभरात आठ शब्द चुकवले. अण्णांच्या वाचनात त्याच आज्ञावलीने एकेचाळीस!

इथे मला थांबून विचार करावा लागला. मी आज्ञावल्यांची तुलना करत होते आणि खरा फरक आवाजात होता. कंपवातात आवाजही अक्षरासारखाच लहान होतो. गंमत अशी की बोलणाऱ्याला ते कळत नाही, त्याला आपण नेहमीसारखंच बोलतोय असं वाटतं. आणि घरच्यांनाही धड कळत नाही, कारण आपण नकळत खुर्ची पुढे ओढतो, टीव्ही बारीक करतो, अर्ध्या शब्दावरून पुढचं ओळखतो. संगणक असलं काही करत नाही. ऐकू आलं नाही तर तो त्यातल्या त्यात जास्त वेळा भेटलेला शब्द ठोकून देतो. हेळवाकचं 'हे वाक्य' झालं, पोफळीची 'पोकळी' झाली. (देशमुखवाडी मात्र दर वेळी बरोबर. देशमुखांना कुठेही अडचण येत नाही असं दिसतं.)

तेव्हा पहिला खर्च मायक्रोफोनवर केला. लॅपटॉपचा स्वतःचा माइक तोंडापासून दोन फुटांवर असतो आणि त्याला अण्णांपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो. डोक्यावर बसणारा, तोंडाजवळ दांडी येणारा साधा यूएसबी हेडसेट घेतला. फार भारी घेण्यात अर्थ नाही. यातली बरीच मॉडेलं आवाज सेकंदाला सोळा हजार नमुन्यांवर आणूनच ऐकतात, गाण्याच्या स्टुडिओतला बारकावा त्यांच्या कामाचा नाही. माइक जवळ हवा, श्वास थेट त्यावर पडू नये म्हणून किंचित बाजूला, आणि पंखा बंद. कुकर लावायचा नाही. एवढ्यावर एकेचाळीसचे सव्वीस झाले.

दुसरं म्हणजे वेळ. सकाळची गोळी घेतल्यानंतर तासाभराने अण्णांचा आवाज सगळ्यात मोकळा असतो, साधारण दहा ते साडेअकरा. त्याच वेळात बोलायचं असं ठरलं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, 'आवाज पोचवायचा म्हणून बोला'. आम्ही रोज म्हणायचो, 'अण्णा, जरा मोठ्याने', आणि ते चिडायचे. पडद्यावर चुकीचा शब्द उमटला की मात्र चिडत नाहीत, खाकरून तोच शब्द ठणकावून पुन्हा म्हणतात. यंत्राचा राग येत नाही म्हणे, 'त्याला काय कळतंय'. त्या बाईंनाही हे फार आवडलं.

एवढं होऊनही गाडी अडली ती थांबण्यावर. अण्णा वाक्य सुरू करतात, मग खिडकीबाहेर बघतात. दहा सेकंद, कधी वीस. बोलता बोलता टंकणाऱ्या सोयी अशा शांततेत आपोआप बंद पडतात, आणि पुढची दोन वाक्यं हवेत जातात. शिवाय विरामचिन्हं. इंग्रजीत 'कॉमा' म्हटलं की चिन्ह येतं. आमच्याकडे आत्याला गेलेल्या पहिल्या पत्राची सुरुवात 'प्रिय ताईस स्वल्पविराम' अशी होती! तिने ते जपून ठेवलंय, असं कळतं.

म्हणून शेवटी दुसऱ्या वाटेला गेले: आधी नुसतं ध्वनिमुद्रण, आणि मग त्या फायलीचा मजकूर घरच्याच संगणकावर करायचा. हे शक्य झालं ते गेल्या काही वर्षांत. ओपन-एआयने सप्टेंबर २०२२ मध्ये 'व्हिस्पर' नावाचं मॉडेल सगळ्यांना फुकट खुलं केलं. ते एकदा उतरवून घेतलं की महाजालाची गरज नाही, आवाज घराबाहेर जात नाही. त्याला शिकवायला सहा लाख ऐंशी हजार तासांचा आवाज वापरला होता. पण त्यातला दोन-तृतीयांशाच्या आसपास इंग्रजी आणि मराठीचा वाटा नगण्य, त्यामुळे मराठीत ते अडखळतं. भाषा आपण नेमून दिली नाही तर मराठीला हिंदी समजण्याचाही संभव. आणखी एक खोड जगजाहीर आहे: शांतता आली की ते स्वतःच्या मनाने काहीबाही लिहितं. यावर उपाय म्हणजे बोलण्यामधली शांतता आधीच कापून टाकणारी छोटी आज्ञावली जोडायची. अण्णांच्या बाबतीत ती जोडल्यावर वीस मिनिटांची फाईल अकरा मिनिटांची होते. उरलेली नऊ मिनिटं खिडकीबाहेरची.

मराठीसाठी अधिक बरी मॉडेलं आयआयटी मद्रासच्या 'एआयफॉरभारत' गटाने केली आहेत. बावीस अनुसूचित भाषांसाठी, तीही खुली आणि फुकट. बसवायला जरा किचकट, धाकट्या भाच्याने दोन रविवार घालवले. (त्याला मी पुरणपोळी पाठवणार आहे. सॅन होजेवाल्याला नाही.) आमच्या साध्या संगणकात ग्राफिक कार्ड नाही, त्यामुळे काम रात्रभर चालतं. चालू दे की, कुणाला घाई आहे?

आता आमच्यातला वाद. अण्णा बोलतात ते पाटणकडचं. 'हुतो', 'न्हवतं', 'लई'. यंत्र 'हुतो' ऐकतं आणि 'होतो' लिहितं, कारण ते छापील मराठीवर वाढलंय. मला ते फार लागलं. त्यांच्या तोंडचा तो 'हुतो' म्हणजेच तर अण्णा! मी भाच्याला म्हटलं, काहीतरी कर. अण्णांनी ऐकलं आणि मला गप्प केलं. "मी कधी लिहिताना 'हुतो' लिहिलंय का?" म्हणाले. खरंच आहे. १९८८ च्या त्या पत्रात एकही 'हुतो' नाही. खेड्यातून आलेल्या पोराने नोकरीत राहून मेहनतीने कमावलेली ती लेखी भाषा होती, आणि यंत्र त्यांना तीच परत देत होतं. मला हवा तो गोडवा माझ्यासाठी होता. ध्वनिफिती आहेतच, ज्याला 'हुतो' ऐकायचाय त्याने त्या ऐकाव्यात. अट एकच, अण्णांना विचारून.

कारण दोन फोल्डर आहेत. एकाचं नाव 'पत्रं'. त्यातल्या फायली मी वाचते, स्वल्पविराम टाकते, सोळाच्या ठळक अक्षरात छापते, आणि खाली अण्णा सही करतात, मुंगीएवढी पण स्वतःची. दुसऱ्या फोल्डरला त्यांनी नाव देऊ दिलं नाही, ते 'नवीन फोल्डर' असंच आहे. ते मी उघडत नाही. मुद्दा असा की जो मजकूर मी वाचणार नाही त्यातल्या चुका दुरुस्त कोण करणार? अण्णांना पडद्यावर वाचता येतं, पण माउस धरवत नाही. भाच्याने तोडगा काढला. चुकणाऱ्या शब्दांची यादी करायची, मजकूर तयार झाला की आज्ञावली ती यादी घेऊन आपोआप बदल करेल, कुणी फाईल उघडायची गरज नाही. 'हे वाक'चं हेळवाक, 'पोकळी'चं पोफळी. ('हे वाक्य' मात्र खरंच 'हे वाक्य' असू शकतं, त्यामुळे ते तसंच सोडलंय.)

यादी अण्णांनी स्वतः केली, हाताने, चार दिवस लावून. भिंग घेऊन मी ती टंकली. गावं, वाड्या, नद्या, तेव्हाच्या ओव्हरसियरचं आडनाव, आईचं माहेरचं नाव. एकूण त्रेसष्ट शब्द. एकोणपन्नासावं एका बाईचं नाव आहे, जे मी घरात कधी ऐकलेलं नाही. त्यापुढे त्यांनी यंत्र ते कसं चुकवतं तेही नीट लिहिलंय, तीन प्रकारे. म्हणजे ते बऱ्याच वेळा बोललं गेलेलं असणार. मी तिन्ही प्रकार टंकले आणि यादी भाच्याला पाठवून दिली.

आत्या, तुझं पत्र काल टाकलंय. या वेळी स्वल्पविराम चिन्हांतच आहेत.